खो मिळाला, उठता येईना

खो-खोच्या पाटीत बसलेल्या गड्याला विचार करायचा नसतो. पाठीवर थाप पडली, कानात ‘खो’ घुमला की उठायचं आणि पळायचं. टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली, सगळं अंग मांड्यांवर तोललेलं. वर्षानुवर्षं तेच केलं की मेंदूच्या आधी पायच उठतात.

१९९७ च्या डिसेंबरात, एका जिल्हा पातळीच्या सामन्यात मी चौथ्या चौरसात बसले होते. मागून खो आला. मला नीट ऐकू आला, पण मांड्या उचलल्याच नाहीत. दोन्ही तळवे मातीवर रेटून, बाळंतीण उठते तशी मी उठले, तोवर पळती पलीकडच्या बाजूला जाऊन माझ्याकडे बघत उभी होती. कडेवरून सर ओरडले, “झोपलीस का गं?”

झोप कुठली? त्याआधीचे तीन महिने मला धड झोपच लागत नव्हती.

त्या तीन महिन्यांत माझं कौतुक मात्र खूप झालं. वजन ५४ वरून ४६ किलोवर आलं होतं आणि सर बाकीच्या मुलींना माझं उदाहरण देत होते. “बघा, मेहनत अंगावर दिसते ती अशी.” मी पहाटे चारला जागी व्हायची, म्हणून पाचला सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर हजर असायची. सरावात सर्वांत जास्त घाम मला यायचा. सरावानंतर पाच-सहा भाकऱ्या खायची. थंडीत पंखा पाचवर ठेवून झोपायची, त्यावरून धाकटीशी रोज भांडण. बशीत चहा ओतताना तो सांडायचा. पाळी जेमतेम एक दिवस यायची, तीही दोन-दोन महिन्यांनी. त्यावर मैत्रिणी म्हणायच्या, “सुटलीस, खेळणाऱ्या मुलींचं होतं असं.” आईला तेवढं काहीतरी खटकत होतं. तिने दर शनिवारी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून दिलं. आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. सकाळी संडासातून उठताना मला नळ धरावा लागत होता. वीस वर्षांची, रोज शंभर उठाबशा काढणारी मुलगी मी. हे कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसऱ्या डॉक्टरांनी फार प्रश्न विचारले नाहीत. दोन्ही हात समोर पसरायला लावले आणि त्यावर वर्तमानपत्राचा एक कागद ठेवला. खोलीत पंखा बंद होता, तरी कागदाची कड फडफडत होती. मग त्यांनी स्टेथोस्कोप छातीऐवजी गळ्यावर टेकवला आणि बराच वेळ ऐकत राहिले. “पाणी वाहिल्यासारखा आवाज येतोय,” ते म्हणाले. “आता मांडी घालून बस, आणि हात न टेकता ऊठ.” मला उठता आलं नाही. त्यांनी नाडी मोजली. शांत बसलेली असताना ११८.

खेळ आणि वाढलेला थायरॉईड या विषयावरच्या या पुस्तिकेची प्रस्तावना माझ्याकडे आली ती या अनुभवामुळे. मी डॉक्टर नाही. पंचवीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आहे. त्यामुळे पुढच्या पानांतल्या वैद्यकाबद्दल मी बोलेन ते शिट्टी गळ्यात अडकवलेल्या बाईच्या अनुभवातून.

आधी एक घोटाळा निस्तरायला हवा. आपल्याकडे लोक सर्रास म्हणतात, “मला थायरॉईड आहे.” जणू बाकीच्यांना नाहीच. गळ्याच्या घाटीखाली, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखी पसरलेली १५-२० ग्रॅमची ही ग्रंथी प्रत्येकालाच असते. आणि ‘थायरॉईड आहे’ याचा अर्थ बहुतेक वेळा ती कमी काम करते असा असतो. वजन वाढलंय, थंडी वाजते, आळस येतो. अशा माणसाला शेजारीपाजारी सांगतात, चाल, पळ, व्यायाम कर, सगळं ठीक होईल. हाच सल्ला वाढलेल्या थायरॉईडच्या माणसाच्या पदरात पडतो तेव्हा अनर्थ होतो. ज्याचं इंजिन उभ्या गाडीतच तापलंय, त्याला घाट चढायला सांगण्यातला प्रकार.

ग्रंथी नेमकी का वाढीव काम करते? कारणं अनेक आहेत. एखादी गाठ स्वतंत्रपणे संप्रेरक सोडू लागते, किंवा बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन साठा बाहेर सांडतो. हा दुसरा प्रकार बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, म्हणून कारण न शोधता गोळ्या सुरू करू नयेत. पण खेळण्याच्या वयात सर्वांत जास्त आढळतो तो ग्रेव्ह्जचा आजार. आयर्लंडच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पाच वर्षांनी जर्मनीत बासेडो यांनी. म्हणून युरोपात अनेक ठिकाणी त्याला बासेडोचं नाव आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो कितीतरी जास्त.

तो समजावून सांगायला मला खो-खोच कामाला येतो. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी थायरॉईडला हवा तेव्हा, हवा तेवढा ‘खो’ देते. त्या खोचं नाव टीएसएच. मग थायरॉईड टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं सोडते, आणि ती पुरेशी झाली की पियुषिका गप्प बसते. ग्रेव्ह्जच्या आजारात शरीराच्या स्वतःच्याच संरक्षणव्यवस्थेने चुकून बनवलेली प्रतिद्रव्यं टीएसएचच्या जागी जाऊन चिकटतात आणि खोटा खो देत राहतात. पियुषिका केव्हाच गप्प झालेली असते, म्हणून रिपोर्टात टीएसएच जवळपास शून्य दिसतं. पण थायरॉईडला ते कसं कळावं? तिच्या पाठीवर थापा पडतच असतात आणि ती पळतच असते. शिट्टी वाजवायला पंच नाही.

या उधळलेल्या संप्रेरकांनी खेळाडूच्या शरीराचं काय होतं, हे मला खूप उशिरा नीट समजलं. प्रत्येक पेशीचा खर्च वाढतो. तेवढंच अंतर पळायला जास्त प्राणवायू लागतो. स्नायूंमधला साखरेचा साठा लवकर संपतो, मग शरीर स्नायूच मोडून खायला लागतं. आधी मांड्या आणि खांद्यांचे मोठे स्नायू जातात, म्हणून हाताची बोटं चालतात पण जिना चढवत नाही. माझे ते आठ किलो चरबीचे नव्हते. सर ज्याला मेहनत म्हणत होते ती माझ्या मांड्यांची माती होत होती. हाडंही झिजतात. उन्हात अंग थंड करायची ताकद आधीच दुसरीकडे खर्च झालेली असते. हृदय तर विश्रांतीतही धावत असतं, त्यामुळे प्रत्यक्ष धावताना त्याच्यापाशी वर जायला जागाच उरत नाही.

या पुस्तिकेच्या वाचकाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी म्हणेन, हा आजार मैदानावर मेहनतीचं सोंग घेऊन येतो. वजन उतरणं, घाम गळणं, भूक वाढणं, पहाटे जाग येणं, पाळी चुकणं, सतत अंगात वारं शिरल्यासारखं होणं, यातल्या प्रत्येक गोष्टीला क्रीडाविश्वात शाबासकी आहे किंवा निदान तयार उत्तर आहे. घरात बसलेल्या बाईला हे झालं असतं तर महिन्याभरात कोणीतरी दवाखान्यात नेलं असतं.

त्यात नाडीचाही फसवा हिशोब. पुस्तकात ६० ते १०० नॉर्मल. पण मुरलेल्या धावपटूची विश्रांतीतली नाडी ५० च्या घरात असते. तिची ८४ झाली तर दवाखान्यातल्या कागदावर ती नॉर्मलच दिसते. तिच्यासाठी ती मिनिटाला तीस ठोक्यांची वाढ असते. मूळ आकडा माहीत असेल तरच हे कळणार, आणि तो आपल्या शाळा-क्लबांमध्ये कोण लिहून ठेवतं?

आपल्याकडचं सोडा. गेल डेव्हर्सचं काय झालं ते पाहा. अमेरिकेची ही अडथळा शर्यतपटू. १९८८ मध्ये तिने १०० मीटर अडथळ्यांत १२.६१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच वर्षीच्या सोल ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीतच बाद झाली. त्यानंतर डोकेदुखी, केस गळणं, वजन घटणं, दृष्टी जाणं, हात थरथरणं. निदान व्हायला १९९० उजाडलं. मग किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झाला, आणि त्यानंतर पायांना सूज येऊन फोड आले, रक्त येऊ लागलं. चालता येईना. आई-वडील तिला उचलून न्यायचे. १९९१ च्या मार्चमध्ये पाय कापावे लागतात की काय इथवर गोष्ट गेली. (हे घाबरण्यासाठी सांगत नाही. असा प्रकार अतिशय विरळा, या उपचाराने हजारो माणसं काहीही न होता बरी झालेली आहेत.) उपचार बदलले, पाय वाचले. त्याच ऑगस्टमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तिने अडथळ्यांत रौप्य मिळवलं. १ ऑगस्ट १९९२ ला बार्सिलोनात १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत पहिल्या पाच जणी ०.०६ सेकंदात पोचल्या. गेल १०.८२, ज्युलिएट कथबर्ट १०.८३, इरिना प्रिव्हालोव्हा १०.८४. सुवर्ण गेलचं. काही दिवसांनी तिच्या खऱ्या शर्यतीत, अडथळ्यांत, ती पुढे असताना दहाव्या म्हणजे शेवटच्या अडथळ्याला पाय लागून कोसळली आणि धडपडत पाचवी आली. ग्रीसच्या पारास्केवी पातुलिदूला सुवर्ण मिळालं. १९९६ ला अटलांटात गेलने १०० मीटर पुन्हा जिंकली. २००७ मध्ये, चाळिशीत, न्यूयॉर्कच्या मिलरोझ स्पर्धेत ६० मीटर अडथळेही जिंकले.

शाळेच्या गॅदरिंगला ही गोष्ट ‘जिद्द’ या सदरात सांगितली जाते. पाय कापायला निघाले होते, तरी जिंकली. मला या सांगण्याची भीती वाटते. ते ऐकून मुलगी आजार लपवून पळायला लागेल. गेल आजार अंगात असताना जिंकलेली नाही. आजार आटोक्यात आल्यावर, संप्रेरकाची रोजची गोळी घेत जिंकली. आणि मला तर बार्सिलोनापेक्षा त्याआधीचीच दोन वर्षं जास्त अस्वस्थ करतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडाव्यवस्थेत, नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली, सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशोब ठेवला जात असताना, मानेतली ग्रंथी कोणाला दिसली नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत दोन वर्षं लागत नाहीत. ४ मे १९९१ रोजी कॅम्प डेव्हिडला जॉगिंग करताना थोरल्या जॉर्ज बुशना धाप लागली, हृदयाचे ठोके अनियमित झालेले आढळले आणि काही दिवसांतच ग्रेव्ह्जचं निदान झालं. त्यांच्या पत्नी बार्बरा यांना तो आधीच होता. वयस्कांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा. साठीनंतर वजन-थरथर काही न दिसता हा आजार थेट हृदयाच्या लयीत दिसू शकतो. आपल्या टेकडीवर रोज पळणाऱ्या काकांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

उपचाराचे तीन रस्ते आणि त्यांचे बारकावे पुढे आहेत. मला माझ्या रस्त्याबद्दल सांगायचंय. कार्बिमाझोलच्या गोळ्या, वर्ष-दीड वर्ष. त्या बनणारं संप्रेरक थांबवतात, पण आधीच बनून साठलेलं संपायला काही आठवडे जातात. डॉक्टरांनी एक वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. घसा दुखून ताप आला तर गोळी बंद, आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. क्वचित या औषधाने त्या एकदम खाली येतात. ग्राउंडवर घसा तर सगळ्यांचाच बसतो, म्हणून खेळाडूने हे वाक्य विसरू नये. गोळ्या थांबवल्यावर साधारण निम्म्या लोकांत आजार परत येतो. मग किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. आयोडीनच्या त्या उपचारासाठी मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आपल्याकडच्या जुन्या जागांपैकी एक, १९६३ पासूनचं. या दोन्ही उपचारांनंतर ग्रंथी बहुधा कमी पडते आणि थायरॉक्सिनची गोळी कायमची लागते. खेळाडू घाबरून विचारतात, म्हणून सांगते, तिच्यावर उत्तेजकविरोधी नियमांत बंदी नाही.

गोळ्यांपेक्षा अवघड काय होतं, तर बसून राहणं. संप्रेरकं जागेवर येईपर्यंत पळायचं नाही, उडी नाही, वजन नाही. विभागीय स्पर्धा तोंडावर. सर घरी आले, वडिलांना म्हणाले, “एवढी स्पर्धा होऊ दे, मग आराम करेल.” वडील एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, “सर, गाडीचं पाणी उकळत असताना मी ड्रायव्हरला पुढच्या थांब्यापर्यंत चल म्हणत नाही.” सरांनी चहा घेतला नाही, उठून गेले. मला दोघांचाही राग आला होता. चिडचिड आणि रडू हाही त्या आजाराचाच भाग असतो, हे घरच्यांना आधी कळलं असतं तर त्या घरात थोडी शांतता नांदली असती.

धडधड कमी करायला सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉल देतात. दम्याच्या माणसाला ते चालत नाही. ते घेत असताना नाडी पुन्हा खोटं बोलते, आता उलट बाजूने. आत वादळ, बाहेर ७२. आणि इथे एका वर्गाची मोठी पंचाईत आहे. नेमबाज आणि तिरंदाज. या औषधाने हात स्थिर होतो म्हणून त्या खेळांत त्याला बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि त्याची दोन पदकं काढून घेतली गेली. ज्याचा हात आजारानेच थरथरतोय त्याला नेमकं हेच औषध लागतं. उपचारासाठी वापराची परवानगी मागता येते, पण ती आधी मागावी लागते, कागदपत्रांसह. कोल्हापूरपासून कोकणापर्यंत आपल्याकडे नेमबाजीच्या रेंजवर पोरंपोरी वाढताहेत, त्यांच्या पालकांनी पुस्तिकेतलं ते प्रकरण दोनदा वाचावं.

मुलग्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. ग्रेव्ह्ज बायकांत जास्त, पण त्यातून उद्भवणारा एक विचित्र प्रकार जवळपास पुरुषांनाच होतो, तोही आशियाई पुरुषांना जास्त. आमच्या ग्राउंडवरचा एक कबड्डीपटू रात्री अंतिम सामना खेळला, जिंकला. मग जेवणावळ झाली, मटण, भातावर भात, वर जिलेबी. पहाटे जागा झाला तर कमरेखाली हलता येईना. घरच्यांना वाटलं अंगावरून वारं गेलं. रक्तात पोटॅशियम तळाला गेलेलं होतं. जबर व्यायाम, मग विश्रांती आणि पिष्टमय जेवण, यांनी ते रक्तातून पेशींत ओढलं जातं आणि स्नायू गप्प होतात. दवाखान्यात काही तासांत पाय परत आले. मुळाशी थायरॉईड आहे हे एका हुशार निवासी डॉक्टरने शोधलं. त्याआधी त्याला कसलाही त्रास जाणवला नव्हता.

आणखी एक छोटी, पण मला नेहमी भेटणारी गोष्ट. केस गळतात म्हणून मुली बायोटिनच्या गोळ्या घेतात. बऱ्याच प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे खोटे येतात, नसलेला आजार दिसतो. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती बंद हवी. जिममध्ये डबीतून मिळणाऱ्या वजन उतरवायच्या पावडरींबद्दल मी इथे लिहीत नाही, छापता येणार नाही असं काहीतरी लिहून बसेन.

परत येणं हळू असतं. आकडे आधी सुधारतात, मांड्या नंतर, आणि टीएसएच तर महिनोन्‌महिने खालीच रेंगाळतं. मी तीन महिन्यांनी चालायला लागले. मग आईच्या लाकडी खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजायची. पहिल्या दिवशी दोनदा.

चिडून गेलेले सर दोन आठवड्यांनी परत आले होते. हातात एक दोनशेपानी वही. रोज पहाटे अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि लिहायची, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. ते मुद्दाम जाऊन विचारून आले होते. माफी वगैरे काही मागितली नाही. ती वही माझ्याकडे आहे. माझ्या मुलींकडूनही मी दरवर्षी जूनमध्ये तशीच एक सुरू करून घेते, निरोगी असतानाच, म्हणजे मूळ आकडा हाताशी राहतो. माझ्या वहीची पहिली पानं ११६, ११८, ११२ अशी आहेत. मार्चात ९० च्या खाली. जूनमध्ये ७० च्या घरात. शेवटच्या पानावर, १९९९ च्या फेब्रुवारीत, ५८. त्याखाली लाल पेनाने सरांच्या तिरप्या अक्षरात एवढंच लिहिलंय, ‘उद्यापासून पाटीत बस.’